मनुबाईची पात

साताऱ्याच्या विद्यापीठात मी 'शाश्वत विकास आणि सामाजिक न्याय' या विषयात एम.ए. करते, असं सांगितलं की आमच्या गावातले लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या वडिलांकडे. वडिलांकडे बघण्यात जरा कीव असते. दूध डेअरीतल्या भाऊसोनं तर एकदा सरळच विचारलं, "क्रांते, ह्ये शिकून मानूस नेमकं काय हुतंय?" मी म्हटलं, "शहाणं हुतंय. तुमाला जमायचं न्हाई." त्यानंतर त्यानं माझ्या शिक्षणाची चौकशी केलेली नाही.

मला हा विषय आवडतो आणि मला तो चांगला येतो. पाणी कुणाच्या शेतात पोचलं आणि कुणाच्या दारावरून नुसतंच पुढे गेलं, पीक कुणाच्या हातांनी उभं राहिलं आणि नाव कुणाचं झालं, हे प्रश्न मला पुस्तकात भेटायच्या आधी आमच्या मळ्यात भेटले होते. पुस्तकांनी फक्त त्यांची नीट ओळख करून दिली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. ऊस आणि हळद. माझे वडील लालासाहेब सुभेदार होऊन फौजेतून घरी आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. फौजेतली शिस्त त्यांनी ट्रंकेत घालून माळ्यावर टाकली नाही, ती थेट हळदीच्या रानात आणली. बायकांचा रोजगार वेळेवर देणार, चहा वेळेवर पाठवणार, कुणाला वाकडा शब्द बोलणार नाहीत, पण एकदा केलेला नियम मोडू देणार नाहीत. माझं आणि त्यांचं जमतं, कारण दोघंही सारखेच हट्टी आहोत आणि दोघांनाही ते मान्य आहे.

तिसऱ्या सत्रात आम्हाला एखाद्या गावात राहून अभ्यास करायचा होता. मी विषय घेतला भांगलणीच्या बायकांचा. भांगलण म्हणजे पिकातलं तण खुरप्यानं काढणं. आमच्या भागाचा जो हिरवागार फोटो लोक मोबाईलवर एकमेकांना पाठवतात, तो या बायकांनी दिवसभर वाकून तसा ठेवलेला असतो. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "स्वतःचं गाव नको घेऊस." मी म्हटलं, "परक्या गावात मला खरं कोण सांगेल?" त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या गावात मालकाच्या मुलीला कोण सांगेल?" मला ते तेव्हा पटलं नाही. रंगूबाईच्या अंगणात जाऊन बसल्यावर लगेच पटलं.

रंगूबाई ही भांगलणीच्या टोळीची म्होरकी. कुणाच्या रानात कधी किती बाया जाणार हे ती ठरवते. मोठमोठे बागायतदार हंगामात तिची मनधरणी करतात आणि ती खुशाल करून घेते. संध्याकाळी टोळीतल्या बाया तिच्या अंगणात जमल्या होत्या. मी विद्यापीठानं दिलेला मजकूर वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं की या अभ्यासातून सहभागी व्यक्तींना थेट लाभ होणार नाही.

"म्हंजे बोलायचं आमी, लिवायचं तू, आन् पास व्हनार तू," रंगूबाई म्हणाली.

"व्हय."

"आन् आमाला काय?"

"काय न्हाई. तसंच लिवलंय हितं."

"लिवलंय ते बरं झालं, निदान खरं तरी हाय. पर आमाला वेळ न्हाई गं बाय फुकट बोलायला. बोलायचं आसंल तर पैरा कर."

पैरा म्हणजे उसनं काम. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येते. पैशाचा प्रश्नच येत नाही. जिच्याकडे दहा गुंठे आहेत तीही पैरा करते आणि जिच्याकडे एकर आहे तीही, आणि दोघींचा दिवस सारखाच धरतात. विद्यापीठात मी परस्परावलंबन, देवाणघेवाण असे जड जड शब्द लिहून चांगले गुण मिळवले होते. तो सगळा धडा रंगूबाईनं तंबाखू मळत मळत माझ्या गळ्यात घातला. मी तिथल्या तिथं होकार दिला.

मग सुरू झालं. ज्या बाईनं मला दुपारभर सांगितलं, तिच्या रानात मी तेवढाच वेळ खुरपं घेऊन बसायची. कुणाचा ओढ्याकडेचा भुईमूग, कुणाचं सोयाबीन, चंद्राबाईची चार सऱ्या वांगी. आमच्या घरच्या मुलींनी खुरपं हातात धरलं तर ते परसातल्या कोथिंबिरीपुरतं. पहिल्या आठवड्यात माझी कंबर माझी राहिली नव्हती. मॅडमचा फोन आला, "अगं, तू तिथं निरीक्षक आहेस." मी म्हटलं, "निरीक्षण चालूच आहे मॅडम, फक्त वाकून चालू आहे." त्या हसल्या, मग काळजीनं म्हणाल्या की तू त्यांच्यातलीच झालीस तर लिहिशील कशी. मी म्हटलं, त्यांच्यातली होईन असं वाटत नाही, बाया रोज हसतात मला.

सगळ्यांत जास्त बोलली मनुबाई. टोळीतली सगळ्यांत म्हातारी, एकटी, अंगानं काडी. तिनं मला अख्खा एक दिवस दिला. ऊस आला तेव्हा ज्वारीची काढणी कशी गेली, रानातल्या भाज्या तणनाशकानं कशा गेल्या, पूर्वी बाई कामाला गेली की येताना ओटीत काहीतरी घेऊन यायची आणि आता नुसता रोजगार घेऊन येते, हे सगळं तिनं इतकं सरळ सांगितलं की मला मधे प्रश्न विचारावाच लागला नाही. शेवटी मी म्हटलं, "मावशी, तुमचं रान कुटं हाय? पैरा फेडायला येते."

मनुबाई माझ्याकडे बघत राहिली. "रान?" ती म्हणाली. "मला कुटलं रान, पोरी?"

पैऱ्याचं मला इतकं कौतुक वाटलं होतं आणि ज्याला रानच नाही त्याला पैऱ्यात जागाच नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला माझीच चीड आली.

"मग तुमचा दिवस कसा फेडू?"

तिनं जणू आधीच ठरवून ठेवलं होतं. "माज्या जागी एक दिस जा. मला मिरजेला डोळं दावायला जायाचं हाय. सरकारी दवाखान्यात सकाळधरनं बसावं लागतंय. दिस मोडला आन् पात रिकामी ऱ्हायली की रंगू दुसरी बाई घालती. तिचाबी इलाज न्हाई, मानसं कमी पडली की मालक वरडत्यात. आन् एकदा दुसरी बाई आली की ती काय परत जात न्हाई."

पात म्हणजे भांगलताना एका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा. बाया ओळीनं बसतात आणि जी ती आपली पात धरून या बांधापासून त्या बांधापर्यंत सरकत जाते.

"जाते की," मी म्हटलं. "कुणाच्या रानात?"

"तुमच्याच."

आणि तिनं पुढचं सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. आबांचा एक नियम होता. पूर्वी तरण्या बाया गप्पा मारत एकमेकींच्या पाती ओढून द्यायच्या, म्हणजे मागे पडलेलीचा पट्टा पुरा करून द्यायच्या, त्यात निम्मं तण तसंच राहायचं आणि दोष कुणाचा ते कळायचं नाही. म्हणून आबांनी ठरवलं होतं की जिची पात तिनंच ओढायची, आणि दिवस मावळताना जिची पात मागे राहील ती बाई पुढच्या खेपेला नको. गेल्या खेपेला मनुबाई थोडक्यात वाचली होती. आबांनी रंगूबाईला सांगून ठेवलं होतं, आता एकदा जरी मागे पडली तरी तिला आणू नको. आमचंच रान गावात मोठं. ते सुटलं म्हणजे मनुबाईचा हंगामच सुटला.

"मी मागं पडले तर?" मी विचारलं.

"तर माजी जागा गेली," मनुबाई म्हणाली. "पर दवाखान्यात न्हाई गेले तरी डोळ्यापायी ती जानारच हाय. तवा तू जा."

रात्री जेवताना मी घरी सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही आणि गावात टिकतही नाही. आई म्हणाली, "लोक काय म्हनतील, पोरगी बापाच्या रानात रोजगारानं?" आबा भाकरी मोडत म्हणाले, "लोक म्हनतील, लालासाहेबाच्या पोरीला भांगलाय येत न्हाई."

"आबा, चेष्टा न्हाई. मी मनुबाईच्या जागी येनार हाय."

"ये. मनुबाईच्या जागी आलीस म्हंजे मनुबाईचाच नियम तुला. पात मागं ऱ्हायली तर तिची जागा गेली. मी पोरगी म्हनून बघनार न्हाई."

"बघू नगाच," मी म्हटलं. त्यांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण माझे वडील कुणालाच सूट देत नाहीत, याचा मला लहानपणापासून अभिमान होता.

सकाळी मी आईची जुनी साडी, वर आबांचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल अशी रानात गेले. बाया हसून हसून बांधावर बसल्या. रंगूबाईनं हजेरी घेतली. ती तोंडीच घेते. "चंद्रा, आली. मनुबाई, आली," असं म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं. मग सगळ्याजणी हळदीत उतरलो.

हळद गुडघ्याला लागत होती आणि मधल्या मातीत लव्हाळा दाटला होता. पहिल्यांदा मी जोरात होते. मला वाटलं, एवढे दिवस पैरा फेडलाय, हात बसलाय. थोड्या वेळानं डावीकडची चंद्राबाई पुढे गेली, मग उजवीकडची गेली, मग मला फक्त पाठी दिसायला लागल्या. भुईमूग कोरड्या मातीत भांगलला होता, इथं माती ओली, खुरप्याला लगदा चिकटत होता. चंद्राबाई मागं न बघता म्हणाली, "मुळापातुर जाऊ नगंस. लव्हाळ्याचं मूळ काढीत बसलीस तर दिवाळी करशील हितंच. वरच्या बोटभर मातीतनं काप आन् फुडं हो." मी तसं केलं. थोडी गती आली, पण पुढे गेलेल्या बायांना काही मी गाठू शकले नाही.

दुपारी भाकरी खाताना कुणी मला टोचून बोललं नाही. त्याचीच मला भीती वाटली. बाया चेष्टा थांबवतात तेव्हा गोष्ट खरी झालेली असते. रंगूबाई एकदाच म्हणाली, "पात वढून दिली असती गं, पर मालक लांबनं बगत्यात." आबा खरंच पाण्याच्या मोटरीच्या खोलीपाशी उभे होते.

उन्हं कलली तेव्हा माझ्या तळहातावरचा फोड फुटला होता. मी टॉवेलाचं टोक हाताला गुंडाळलं. मला हाताचं काही वाटत नव्हतं. मला सारखी मिरजेच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेली मनुबाई दिसत होती. ती माझ्या भरवशावर गेली होती. एम.ए. करणाऱ्या, सगळं समजतं अशा पोरीच्या भरवशावर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आळसामुळे किंवा अज्ञानामुळे नाही, तर मला जमत नाही म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी पोट जाणार होतं, आणि मी वाचलेलं काहीही त्या वेळी उपयोगाचं नव्हतं.

सगळ्या बाया पलीकडच्या बांधावर पोचल्या. खुरपी धुऊन झाली. माझी पात बरीच राहिली होती. आबा आले आणि बांधावर उभे राहिले.

"कुनाची पात ऱ्हायली?" त्यांनी विचारलं, दिसत असूनही.

"मनुबाईची," रंगूबाई म्हणाली.

"मनुबाईची कशी? क्रांतीची म्हन."

"हजेरीला मनुबाई हाय, मालक. पात मनुबाईचीच."

मी वर बघितलं नाही. खुरपं चालूच ठेवलं. बघितलं असतं तर रडले असते आणि मला रडायचं नव्हतं. मग टॉवेलातून रक्त झिरपलं असावं, कारण आबा एकदम म्हणाले, "हात बघू." मी दाखवला नाही. "हात दाखीव, क्रांती." मी म्हटलं, "पात ऱ्हायलीया, आबा."

मग मला चपला काढल्याचा आवाज आला. आबांनी पँट दुमडली, चंद्राबाईच्या हातातलं खुरपं घेतलं आणि पलीकडच्या टोकाकडून माझ्या दिशेनं भांगलायला बसले. त्यांचा हात भराभर चालत होता. फौजेत जायच्या आधी त्यांनी हेच केलं होतं, हे मी विसरले होते. सरकत सरकत ते माझ्यासमोर आले, मधली चार रोपं राहिली, तीही त्यांनीच साफ केली आणि म्हणाले, "जा, हात धू."

तेव्हा मात्र मी रडले. मला माझ्या बापाची माया कधी कमी वाटली नव्हती, पण त्यांनी स्वतःचा नियम मोडून, सगळ्या बायांसमोर, मातीत बसून ती दाखवली होती. मनुबाईची जागा राहिली. ती संध्याकाळच्या एसटीनं आली, डोळ्यांत थेंब घालून. डॉक्टरांनी चष्मा सांगितला होता आणि ऑपरेशन दिवाळीनंतर. मी तिला सांगितलं, "तुमची पात पूर्न झाली." ती म्हणाली, "तू केलीस?" मी म्हटलं, "आबांनी बी केली." मनुबाईनं मान हलवली.

साताऱ्याला परत आल्यावर वर्गात मी हे सगळं मांडलं. चांगलं मांडलं, मला माहीत आहे. मॅडम खूश होत्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर अर्फानं हात वर केला. अर्फा माझी खोलीतली सोबतीण, खंडाळ्याची, वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. तिला गोड बोलता येत नाही, म्हणून माझी आणि तिची मैत्री आहे.

"लेकीचा हात फुटला म्हणून बापानं लेकीची पात ओढली," अर्फा म्हणाली. "ही माया झाली. छान आहे. पण यात न्याय कुठे आहे? मनुबाईचा हात फुटला असता तर?"

"पात मनुबाईचीच होती," मी म्हटलं.

"नावापुरती. तुझे वडील चपला कुणासाठी काढून उतरले, ते तुलाही माहीत आहे."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. रात्री मेसमध्ये वेगळ्या टेबलावर जेवले. राग तिच्या बोलण्याचा नव्हता, ते खरं होतं त्याचा होता. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या पलंगावर जाऊन बसले आणि म्हटलं की आमच्या वरच्या मळ्याची भांगलण पुढच्या आठवड्यात आहे, मनुबाई असणार आहे, मी बघून येते.

"जा," अर्फा म्हणाली. "पण मधे पडू नकोस. तू बोललीस तर ते पुन्हा तुझ्यासाठीच करतील."

कराडपर्यंत एसटी आणि पुढे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी गावात पोचले तेव्हा बाया वरच्या मळ्यात उतरल्या होत्या. मी चहाची किटली घेऊन गेले आणि नंतर बांधावरच थांबले. मनुबाईनं नवा चष्मा लावला होता. घामानं तो घसरत होता, मग ती मनगटानं वर सारायची आणि त्यात वेळ जायचा. तण तिला आता दिसत होतं. पण गुडघे तेच होते. दुपारीच ती मागे पडली. मी बसून राहिले. मला उठून तिच्या पातीत जायचं होतं, इतकं की पायाला मुंग्या आल्या, पण अर्फाचं बोलणं कानात होतं.

दिवस मावळायला आला. बाया बांधावर आल्या. मनुबाई एकटीच हळदीत राहिली, वाकलेली, खुरपं चालू. आबा आले.

"कुनाची पात ऱ्हायली?"

"मनुबाईची," रंगूबाई म्हणाली.

आबांनी तिकडे बघितलं. "रंगूबाई, मी तुला पयलंच सांगितलं हुतं."

"व्हय, सांगितलं हुतं." रंगूबाई खुरप्याची माती काढत होती, ती तशीच काढत राहिली. "पर मागल्या खेपंला मनुबाईची पात तुमीच वढलीसा, मालक. मला वाटलं रीत पडली."

"ती माजी पोरगी हुती."

"हजेरीला मनुबाई हुती. तुमीच म्हनला हुता म्हनं घरात, पोरगी म्हनून बघनार न्हाई. गावात समद्यांस्नी म्हाईत झालंय ते. लय नाव झालं तुमचं."

रंगूबाईनं खुरपं कमरेला खोचलं आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"न्हाई, तसं नसंल तर तसं सांगा की. नियम पोरीला न्हाई, मनुबाईला हाय, येवढं एकदा समद्यांदेखत म्हना. उद्यापासनं मी तिला आनत न्हाई. माजी काय तकरार न्हाई."

माझे वडील सरहद्दीवर राहिलेत, त्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नाही आणि तेव्हाही ते घाबरले नव्हते. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. खोटं बोलणं त्यांना जमत नाही आणि हे खरं होतं म्हणून तर बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही, पण त्यांना मदतही केली नाही. आयुष्यात मी त्यांच्यासाठी केलेली ही सगळ्यांत अवघड गोष्ट असेल. त्या क्षणी मला त्यांची दया आली आणि तरीही मला वाटत होतं, आबा, तुमी एकट्यानं ठरवा.

मनुबाईनं वर बघितलंच नव्हतं. तिचं खुरपं चालू होतं.

"बघत काय बसलाय?" आबा शेवटी बायांना म्हणाले. आवाज चढला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. "वढा की तिची पात."

"आजच्यापुरतं का कायमचं?" रंगूबाईनं विचारलं.

"तू वकील व्हायला पायजे हुतीस."

"कायमचं का, मालक?"

"कायमचं. जी मागं ऱ्हाईल तिची समद्यांनी वढायची. पर तण ऱ्हायलं तर तुला इचारनार, रंगूबाई, दुसऱ्या कुनाला न्हाई."

"इचारा," रंगूबाई म्हणाली आणि पदर खोचून आधी तीच उतरली. तिच्यामागं चंद्राबाई, मग बाकीच्या. धुतलेली खुरपी पुन्हा मातीत गेली. मनुबाईनं शेजारी हालचाल ऐकली तेव्हा ती पहिल्यांदा थांबली. तिनं चष्मा वर सारून एकेकीकडे बघितलं, मग बांधावर आबांकडे. आबांनी मान दुसरीकडे वळवली.

मग ते माझ्यावर घसरले. त्यांना कुणावर तरी घसरायचंच होतं. "आन् तू काय बांधावर उभारलीस? येवढं शिकायला साताऱ्याला पाठिवलं ते बांधावर उभं ऱ्हायाला? उतर खाली."

मी उतरले. मनुबाईच्या एका बाजूला चंद्राबाई बसली होती, दुसऱ्या बाजूला जागा होती. मी तिथं बसले.